बेचाळीस थेंब की एकशे पंचवीस?

एक लिटर सलाईन आठ तासांत द्यायचंय, सेट २० थेंबांचा, म्हणजे २० थेंबांचा एक मिलिलिटर. मिनिटाला किती थेंब सोडायचे?

१००० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं. उत्तर ४१.६७, म्हणजे ४२. नर्सिंगचं जीएनएम असो की बीएस्सी, पहिल्या वर्षाच्या वहीत हे गणित असतंच. फळ्यावर एकदा सोडवून दाखवलं जातं, दोन-चार गणितं घरी करायला दिली जातात, आणि त्यानंतर ते भेटतं ते थेट वॉर्डात. रात्रपाळी, समोर ट्रीटमेंट शीट, शेजारी पेशंटचा नातेवाईक उभा. तिथं आठवतं ते सूत्र, पण सूत्रात काय कुठं घालायचं ते आठवत नाही.

या गणिताला हवा असतो सराव, आणि सरावाच्या प्रत्येक पायरीला कुणीतरी सांगायला हवं असतं की तुझं इथं चुकलं. साठ जणांच्या वर्गात एका ट्यूटरला प्रत्येकाची वही बघून हे सांगणं जमत नाही. संगणकाला नेमकं हेच जमतं. पण बहुतेक ठिकाणी ‘ई-लर्निंग’ म्हणजे काय, तर वर्गात दाखवलेल्या स्लाइडची पीडीएफ करून वर चढवायची आणि खाली दहा बहुपर्यायी प्रश्न चिकटवायचे. चुकीच्या उत्तरावर लाल फुली येते, मुलगी दुसरा पर्याय दाबते, हिरवी खूण येते, विषय संपला. यात शिकणं कुठं झालं? फुली तर वहीतही मिळते.

म्हणून हा सगळा खटाटोप करायचा असेल तर प्रश्न तयार करण्याआधी चुका गोळा करा. प्रत्येक चुकीच्या उत्तरामागे एक ठरावीक घसरण असते, आणि ती घसरण ओळखून दाखवणारा प्रश्न हाच चांगला प्रश्न.

चुका कशा गोळा करायच्या

पहिली फेरी संगणकावर घेऊ नका, कागदावर घ्या. दहा गणितं, आकडे सगळ्यांना सारखे, कच्चं काम त्याच कागदावर. गुण द्यायचे नाहीत हे आधीच सांगून टाका, नाहीतर कच्चं काम खोडलं जातं आणि आपल्याला हवं असतं नेमकं तेच. मग एकेका गणिताचे कागद उत्तराप्रमाणे वेगळे लावा. चुकीची उत्तरं वाटेल तशी विखुरलेली नसतात, तीन-चार आकड्यांवर गोळा होतात.

वरच्याच गणिताचं बघा. २५०० हे उत्तर आलं, तर तासांची मिनिटं करायची राहिलीत. ३१ आलं, तर १५ थेंबांचा सेट धरलाय. अमेरिकी पुस्तकातलं उदाहरण पाठ केल्याची ही खूण. तिकडे १०, १५ आणि २० असे तिन्ही सेट असतात. आपल्याकडे मोठ्यांच्या नेहमीच्या सेटला २० थेंबांचा एक मिलिलिटर आणि मायक्रो सेटला ६०. पाकिटावर छापलेलं असतं, तेच वाचून घ्यायची सवय लावावी.

आणि १२५ आलं तर? ही खरी गंमत. १२५ दोन वाटांनी येतं. एकीनं मायक्रो सेटचे ६० थेंब धरले, दुसरीनं १००० ला ८ नं भागलं आणि तिथंच थांबली, म्हणजे तासाला किती मिलिलिटर ते काढलं आणि त्यालाच थेंब समजली. मायक्रो सेटमध्ये मिनिटाचे थेंब आणि तासाचे मिलिलिटर हा आकडा नेहमीच एक असतो, कारण वरचे ६० आणि खालचे ६० कटतात. त्यामुळे उत्तरावरून कोण कुठं घसरली ते सांगता येत नाही. इथं कच्चं काम कामाला येतं. आणि संगणकावर नेताना हे गणित दोन प्रश्नांत फोडावं: आधी तासाला किती मिलिलिटर, मग मिनिटाला किती थेंब. पहिलं बरोबर आणि दुसऱ्याला १२५, तर घोळ सेटचा आहे की समजुतीचा, हे विचारणारा एकच जास्तीचा प्रश्न पुरतो.

ही चूक किती महागात पडते तेही उत्तराखाली लिहा. २० च्या सेटनं मिनिटाला १२५ थेंब सोडले तर तासाला ३७५ मिलिलिटर जातात. आठ तासांची बाटली दोन तास चाळीस मिनिटांत रिकामी. हृदय कमजोर असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या फुप्फुसात पाणी साचायला तेवढं पुरे. उलट मायक्रो सेट लावून ४२ थेंब ठेवले तर तीच बाटली जवळजवळ चोवीस तास चालेल. “उत्तर चूक” यापेक्षा हे वाक्य जास्त लक्षात राहतं.

मूडलमध्ये हे कसं बसवायचं

मूडल हे ऑनलाइन धडे आणि चाचण्या चालवायचं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, आणि त्यात ‘कॅल्क्युलेटेड’ नावाचा प्रश्नप्रकार आहे. प्रश्नात आकड्याच्या जागी महिरपी कंसात एक नाव लिहायचं, त्याला वाइल्डकार्ड म्हणतात. नाव इंग्रजी अक्षरानं सुरू व्हावं लागतं. उत्तराच्या जागी सूत्र. मग प्रत्येक मुलीला वेगळे आकडे मिळतात आणि शेजारणीचं उत्तर बघून भागत नाही. बघायचीच झाली तर रीत बघावी लागते, आणि ती बघितली तर आपली हरकत नसावी.

बहुतेक जण इथं थांबतात. पण या प्रकारात एकापेक्षा जास्त उत्तरं लिहिता येतात, आणि प्रत्येकाला वेगळे गुण, वेगळा फीडबॅक. बरोबर सूत्राला १०० टक्के. त्याखाली दुसरं उत्तर: तेच सूत्र, पण ६० नं न भागलेलं, गुण शून्य, फीडबॅक “तासांची मिनिटं केली नाहीत.” तिसरं: २० ऐवजी १५. चौथं: २० ऐवजी ६०. आकडे प्रत्येकीचे वेगळे असले तरी चूक सूत्रात बांधलेली असल्यामुळे संगणक ती ओळखतो. कागदावरून गोळा केलेल्या तीन-चार चुका अशा बसवल्या की झालं. बाकीच्यांसाठी सर्वसाधारण फीडबॅकमध्ये गणित पायरीपायरीनं मांडून ठेवायचं.

आता बिघडतं कुठं ते.

आकड्यांची मर्यादा विचार न करता ठेवली तर मूडल ४३७ मिलिलिटर ७.३ तासांत द्यायला सांगतं. अशी ऑर्डर कुठल्याच डॉक्टरनं कधी लिहिली नसेल, आणि मुलींचा प्रश्नावरचा विश्वास उडतो. उपाय सोपा आहे. वाइल्डकार्ड १ ते ४ असा ठेवा, दशांश स्थळ शून्य, आणि प्रश्नात महिरपी कंसात आधी बरोबरचं चिन्ह टाकून त्याला २५० नं गुणा. मग २५०, ५००, ७५० आणि १००० एवढेच आकडे येतात. उत्तराच्या सूत्रातही तोच गुणाकार घालायला विसरू नका. हे विसरलं की सगळ्या वर्गाचं उत्तर चूक ठरतं आणि दोष मुलींवर जातो. एका वाइल्डकार्डाला जास्तीत जास्त १०० आकडे तयार करता येतात, सरावाला २५ पुष्कळ. तयार झालेले आकडे एकदा डोळ्यांखालून घाला आणि विचित्र जोड्या हातानं बदला: १००० मिलिलिटर एका तासात वगैरे.

दुसरी अडचण टॉलरन्सची, म्हणजे उत्तर किती इकडेतिकडे चालेल याची. थेंब पूर्ण असतात, तेव्हा सूत्राला गोल करणारं फंक्शन लावावं आणि सूट थोडी ठेवावी. सूत्र ४१.६७ वर सोडून एक टक्क्याची सूट ठेवली तर ४२ बसतं, पण लहान आकड्यांत ते फसतं. १०.४ चं पूर्णांकी उत्तर १० हे बरोबर असूनही एक टक्क्यात मावत नाही.

तिसरी अडचण हास्यास्पद वाटेल, पण वेळ तीच खाते. मोबाइलचा कीबोर्ड मराठीवर असला की आकडा देवनागरीत टाइप होतो आणि मूडल तो आकडा म्हणून वाचत नाही. कुणी “४२ थेंब” असं सगळंच लिहून टाकतं. पहिल्याच पानावर ठळक लिहा: इंग्रजी आकडे, फक्त आकडा. एककं तपासायची असतील तर ती टाइप करायला लावू नका, यादीतून निवडायला द्या.

आणि बरोबर उत्तर किती दशांश स्थळांनी दाखवायचं तेही बघा. संगणक मजेत ‘५.० मि.ग्रॅ.’ असं दाखवतो. औषधाच्या मात्रेत हे लिहायचं नसतं, कारण टिंब पुसट झालं की ५० होतात. उलट अर्ध्याला ०.५ असंच लिहायचं, शून्य गाळायचं नाही, नाहीतर ५ वाचले जातात. आपल्याच संगणकानं वाईट सवय लावावी हे बरं नव्हे.

आकडे निवडताना सापळा

ड्रिपपेक्षा इन्फ्युजनच्या, म्हणजे पंपानं थोडं थोडं औषध सोडायच्या, गणितात चुकांच्या वाटा जास्त. डोपामिनची २०० मिलिग्रॅमची, ५ मिलिलिटरची अँप्यूल घ्या. ती ५० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये एकूण ५० मिलिलिटर होईल अशी भरली, तर एका मिलिलिटरमध्ये ४ मिलिग्रॅम. ऑर्डर: किलोला मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम. पेशंटचं वजन समजा ६० किलो धरलं. आता एकीनं मिनिटांचे तास करायचे सोडले आणि दुसरीनं वजनानं गुणायचं सोडलं, तर दोघींचंही उत्तर ०.०७५ येतं! साठ किलो आणि साठ मिनिटं एकमेकांच्या जागी बसतात. प्रश्न लिहिताना गोल, सोयीचा आकडा म्हणून ६० धरणं स्वाभाविक, आणि तोच आकडा निदान बिघडवतो.

५० किलो धरा. ५ गुणिले ५० गुणिले ६० म्हणजे तासाला १५,००० मायक्रोग्रॅम, १५ मिलिग्रॅम, भागिले ४. उत्तर तासाला ३.७५ मिलिलिटर. तास विसरला तर ०.०६२५, वजन विसरलं तर ०.०७५. मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम केले नाहीत तर ३७५०, जे पंपावर बसणारच नाही. आणि सगळ्यात फसवी चूक: ५ मिलिलिटर डोपामिनमध्ये ४५ ऐवजी ५० मिलिलिटर सलाईन घातलं, म्हणजे एकूण ५५ झालं, आणि हिशेब त्यावर केला तर उत्तर ४.१२५. रीत बरोबर, मिश्रण चूक. टॉलरन्स अर्ध्या मिलिलिटरचा ठेवला असेल तर मूडल या उत्तराला शाबासकी देऊन मोकळं होईल. सिरिंज पंपावर एका दशांश स्थळापर्यंत आकडा लावायचा, तर ३.८ बरोबर धरायला ०.०६ ची सूट पुरते.

टक्केवारीच्या द्रावणांत वेगळीच घसरण. मॅग्नेशियम सल्फेट ५० टक्के म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ५० ग्रॅम, म्हणून २ मिलिलिटरच्या अँप्यूलमध्ये १ ग्रॅम. झटके येणाऱ्या बाळंतिणीला शिरेतून ४ ग्रॅम, २० टक्के द्रावण करून द्यायचं, तर ८ मिलिलिटर औषध आणि १२ मिलिलिटर पातळ करायला. ‘५० टक्के म्हणजे मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम’ असं धरणारी ८० मिलिलिटर मागते. ‘एक अँप्यूल म्हणजे एक मिलिलिटर’ धरणारी ४ मिलिलिटर भरते आणि निम्मीच मात्रा जाते. दोन्ही उत्तरं प्रश्नात आधीच लिहून ठेवा.

इन्सुलिनला मात्र नुसतं गणित पुरत नाही, चित्र लागतं. आपल्याकडे वायल (औषधाची बाटली) बहुतेक ४० युनिटची, म्हणजे मिलिलिटरला ४० युनिट, आणि पेनातली कार्ट्रिज १०० युनिटची. सिरिंजही दोन प्रकारच्या. २० युनिटची ऑर्डर, वायल ४० ची, पण हाती सिरिंज १०० ची आली आणि २० च्या रेघेपर्यंत भरलं तर जातात फक्त ८ युनिट. उलट १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजनं २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर ५० युनिट जातात, आणि पेशंटची साखर कुठल्या कुठे उतरते. कार्ट्रिजमधून सिरिंजनं ओढायचंच नसतं, हे फीडबॅकमध्ये सांगायची जागाही हीच. प्रश्नात वायलचा आणि सिरिंजचा फोटो द्या, आकडे लिहून देऊ नका; लेबल वाचणं हाच अर्धा प्रश्न आहे. लाल टोपण ४० चं आणि नारिंगी १०० चं हे शिकवलं जातं, पण स्वस्त मोबाइलच्या पडद्यावर लाल आणि नारिंगी सारखंच दिसतं. फोटोत नळीवरची छपाई स्पष्ट आली पाहिजे. फोटो तसाच चढवू नका. चार एमबीचे वीस फोटो एकदम उघडायला लागले की लॅबचं नेट बसलंच म्हणून समजा. छोटा करून शंभर केबीच्या आसपास आणा.

पॅरासिटॅमॉल सिरपचंही असंच. दहा किलोच्या मुलाला किलोमागे १५ मिलिग्रॅम म्हणजे १५० मिलिग्रॅम. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमच्या बाटलीतून ६.२५ मिलिलिटर, २५० च्या बाटलीतून ३ मिलिलिटर. दोन बाटल्यांचे फोटो, एक ऑर्डर, एवढाच प्रश्न.

ठाम चूक आणि शंकेखोर चूक

मूडलमध्ये खात्रीनुसार गुण देण्याची एक सोय आहे, फारशी वापरली न जाणारी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले टोनी गार्डनर-मेडविन यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी ही पद्धत रुजवली. उत्तराबरोबर किती खात्री आहे तेही सांगायचं, तीन पायऱ्यांत. खात्री कमी सांगितली आणि उत्तर बरोबर आलं तर १ गुण, चुकलं तर शून्य. मधली सांगितली तर बरोबरला २, चुकीला उणे २. पूर्ण खात्री सांगितली तर बरोबरला ३, आणि चुकलं तर उणे ६.

नर्सिंगला ही पद्धत जणू बेतून शिवलेली आहे. जिला शंका आहे ती इनचार्ज सिस्टरला विचारते, पुस्तक काढते, दुसऱ्या कुणाकडून तपासून घेते. धोका असतो तो ठामपणे चुकणारीचा. तिला हे उणे सहा कळायला हवं, आणि ते वॉर्डात कळण्यापेक्षा पडद्यावर कळलेलं चांगलं. हिशेब केला तर खात्री ८० टक्क्यांच्या वर असेल तरच तिसरी पायरी फायद्याची ठरते, ६७ च्या खाली असेल तर पहिलीच. म्हणजे अंदाजपंचे दाबून भागत नाही.

पण हे गुण अंतर्गत मूल्यमापनात धरू नका. पहिल्या दोन-तीन वेळा बेरीज शून्याखाली जाते, मुली घाबरतात आणि मग सगळीकडे ‘खात्री कमी’ दाबत सुटतात. मोजायचं होतं तेच हातचं जातं. आधी सामान्यज्ञानाच्या पाच प्रश्नांवर खेळ म्हणून घ्या, मग औषधांवर या.

उत्तीर्ण होण्याची रेघही इथं वेगळी हवी. शरीररचनेत ८० टक्के म्हणजे उत्तम. औषधमात्रेच्या गणितात ८० टक्के म्हणजे पाच पेशंटांपैकी एकाला चुकीची मात्रा. सरावाला कितीही वेळा प्रयत्न करू द्या, चुकीच्या प्रयत्नाचे गुण कापू नका (मूडल आपोआप एक तृतीयांश कापतं, ती सेटिंग शून्य करा), पण पोस्टिंगला जाण्याआधीची दहा गणितं दहापैकी दहाच. बालरोगाच्या पोस्टिंगआधी सिरप आणि किलोच्या मात्रा, आयसीयूआधी इन्फ्युजन, लेबर रूमआधी मॅग्नेशियम सल्फेट. वर्षाच्या सुरुवातीला सगळं एकदम करून घेतलं की पोस्टिंग येईपर्यंत ते विरतं.

मूडल नसेल तर

जीएनएमच्या पहिल्या वर्षाला संगणक शिक्षण आहे. बीएस्सीच्या २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमात दुसऱ्या सत्राला आरोग्य माहितीशास्त्र आणि तंत्रज्ञान आहे. या तासांना वर्डमध्ये रजेचा अर्ज लिहिण्यापेक्षा एक्सेलमध्ये ड्रिपची गणितं करून घेता येतील. रँडबिट्विन फंक्शननं दर वेळी वेगळे आकडे आणायचे, एका घरात उत्तर लिहायचं, शेजारी इफचं सूत्र: बरोबर सूत्राशी जुळलं तर “बरोबर”, १२५ देणाऱ्या चुकीच्या सूत्राशी जुळलं तर “सेट कोणता धरलात?” इथं एक खोडी आहे. एक्सेल प्रत्येक नोंदीनंतर सगळं नव्यानं मोजतो, त्यामुळे मुलीनं उत्तर टाइप करून एंटर दाबलं की प्रश्नातले आकडेच बदलतात आणि बरोबर उत्तर चूक ठरतं. मोजणी ‘मॅन्युअल’वर ठेवली तर तपासणीही थांबते. तेव्हा आकडे आणून झाले की ते कॉपी करून ‘पेस्ट स्पेशल’मधून फक्त किमती त्याच जागी चिकटवा. सूत्रांचा स्तंभ लपवा आणि शीटला पासवर्ड घाला.

इंटरनेटचा भरवसा नसेल तिथं मूडलबॉक्स बघावा. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर मूडल बसवून तो स्वतःचं वायफाय सोडतो, बाहेरच्या नेटची गरज नाही. एकावेळी सगळा वर्ग जोडायचा तर वेगळा राउटर लावा, त्याच्या स्वतःच्या वायफायवर तेवढे फोन पेलत नाहीत. वीज अचानक गेली की मेमरी कार्ड खराब होण्याची भीती असते, म्हणून छोटा यूपीएस आणि दर आठवड्याला बॅकअप.

रक्त चढवताना थंडी वाजली

गणिताखेरीज संगणकाला दुसरी एकच गोष्ट खरी जमते: पायऱ्यांचा क्रम. १९६३ साली अमेरिकेत इलिनॉयमधल्या अर्बाना इथं मेरीअन बिट्झर या परिचारिकेनं प्लेटो या संगणकयंत्रणेवर नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठी हृदयविकाराच्या झटक्याचा धडा तयार केला. विद्यार्थिनी स्वतः माहिती मागत आणि मिळालेल्या माहितीवरून पुढचं ठरवत. साठ वर्षांनंतरही ‘पुढे’चं बटण दाबत राहायला लावणारे धडे निघतात, याचं नवल वाटतं.

आज हे एच-५-पी या धडे बनवायच्या साधनातल्या ब्रँचिंग सिनॅरिओमध्ये, म्हणजे निवडीप्रमाणे फांद्या फुटणाऱ्या धड्यात, फुकट करता येतं. उदाहरण घ्या: रक्त चढवायला सुरुवात होऊन दहा मिनिटं झालीत, पेशंटला थंडी वाजतेय, कंबर दुखतेय. काय कराल? पर्याय मनानं रचू नका, वॉर्डात खरोखर होतं ते द्या. ड्रिप हळू केली. डॉक्टरांना फोन करायला गेली. कॅन्युलाच (शिरेत बसवलेली नळी) काढून टाकली. रक्त थांबवलं, पण त्याच सेटला सलाईन जोडलं. प्रत्येकाचा परिणाम पुढच्या पडद्यावर दिसू द्या: हळू केली तर न जुळणारं रक्त जातच राहिलं, कॅन्युला काढली आणि रक्तदाब पडल्यावर शीर सापडेना, जुन्याच सेटमधून सलाईन सोडलं तर नळीत उरलेलं रक्त आधी पेशंटच्या अंगात गेलं. योग्य वाट: आधी रक्त थांबवा, शीर चालू ठेवायला नव्या सेटनं नॉर्मल सलाईन, नाडी-रक्तदाब-तापमान-श्वसन बघत डॉक्टरांना बोलवा, पिशवीवरचं नाव, नंबर आणि गट पुन्हा पेशंटशी पडताळा, पिशवी सेटसकट रक्तपेढीला परत, सोबत रक्ताचे आणि लघवीचे नमुने, आणि सगळ्याची वेळेसह नोंद.

बांधणी आधी कागदावर करा. प्रत्येक वळणावर तीन पर्याय आणि पाच वळणं म्हणजे २४३ वाटा. इथंच बहुतेकांचा धडा अर्धवट राहतो. चुकीची फांदी एक-दोन पडद्यांत परिणाम दाखवून मूळ वाटेला परत आणा, बारा-पंधरा पडद्यांत काम होतं. ‘वरील सर्व’ कधीच देऊ नका, कारण प्रश्न आधी काय हा आहे.

आणि शेवटी बादली

पडद्यावर ४२ आलं म्हणून हाताला ४२ येत नाही. म्हणून संगणकाचा तास स्किल लॅबला लागून ठेवा: वीस मिनिटं गणितं, मग लगेच स्टँड, मुदत संपलेली सलाईनची बाटली, सेट आणि खाली बादली. प्रत्येकीनं पडद्यावर आपल्याला आलेलाच आकडा सेटवर लावून दाखवायचा. पंधरा सेकंदांत साडेदहा थेंब मोजता येत नाहीत, तेव्हा आधी पंधरा सेकंदांत दहा-अकरा बसवून मग पूर्ण मिनिट मोजायचं. घड्याळ ड्रिप चेंबरच्या शेजारी, डोळ्यांच्या रेषेत धरायचं. खाली मनगटाकडे बघितलं की एक थेंब हमखास निसटतो. लावून झालं की स्टँड वीतभर खाली घ्या आणि पुन्हा मोजायला सांगा. थेंब कमी झालेले असतात. मग दहा मिनिटांनी, कुणी हात लावलेला नसताना, आणखी एकदा मोजायला सांगा.